उत्तर ठाऊक असलेला प्रश्न

न्यूमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरले तर धोका समजावा, असा वैद्यकातला ठोकताळा आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत तो वापरायचा तर मोठी अडचण होती. ज्या दाईच्या हाती बाळ असायचं, तिला साठपर्यंत मोजणं जमत नसे आणि घरात घड्याळही नसे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं त्यावर श्वास मोजण्याचं एक साधन काढलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनिया धरून उपचार सुरू करायचे. 1992 साली या साधनाची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

सॉफ्टवेअरवरच्या पुस्तिकेची सुरुवात मी इथून करतोय, कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला 'बेंचमार्क' म्हणजे काय हे सांगायला याहून जवळचं आणि नेमकं उदाहरण मला माहीत नाही. मण्यांचं साधन चार तऱ्हांनी वागू शकतं. बाळ आजारी आहे आणि साधन तसं सांगतं. बाळ निरोगी आहे आणि साधन गप्प राहतं. बाळ निरोगी आहे, पण साधन आजारी म्हणतं. आणि बाळ आजारी आहे, पण साधन गप्प राहतं. तिसऱ्या तऱ्हेत औषध उगाच पोटात जातं, चौथ्या तऱ्हेत बाळ दगावतं. लाल मणी एक घर अलीकडे आणला तर चौथी तऱ्हा घटते, पण तिसरी वाढते. पलीकडे सरकवला तर उलट होतं. मणी नेमका कुठे असावा हे बसल्या जागी ठरत नाही. त्यासाठी दुसऱ्या, भरवशाच्या मार्गानं निदान झालेली बाळं लागतात. त्यांच्यावर साधन चालवून पाहावं, किती ठिकाणी जुळलं आणि किती ठिकाणी फसलं ते मोजावं, मगच साधनाबद्दल बोलावं. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नांचा असा संच म्हणजे बेंचमार्क.

कोड तपासणाऱ्या टूलची गोष्ट अगदी हीच आहे, आणि ती आपल्याकडे शिकवली जात नाही. विद्यार्थ्यांना टूल चालवायला शिकवतात. त्यानं दाखवलेल्या वॉर्निंग मोजायला शिकवतात. एका टूलनं 40 वॉर्निंग दिल्या आणि दुसऱ्यानं 300, तर दुसरं टूल चांगलं, असा निष्कर्ष प्रोजेक्ट रिपोर्टात बिनदिक्कत लिहिला जातो. त्या 300 मधल्या खऱ्या किती, आणि दोन्ही टूलांच्या हातून निसटलेले दोष किती, हे विचारायचं राहून जातं. ते विचारण्याची सवय लावणं, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे.

प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून त्यातले दोष काढायचे, या कल्पनेला आता जवळजवळ अर्धं शतक झालं. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस सी भाषेसाठी 'लिंट' लिहिलं. कम्पायलर ज्याकडे काणाडोळा करतो अशा संशयास्पद जागा ते दाखवायचं. तेव्हापासून आजवर या जातीची शेकडो टूल आली. त्या सगळ्यांच्या वाटेत गणिताची एक भिंत आहे. दिलेला कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगनं 1936 मध्ये सिद्ध केलं. प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलच्या जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाला हीच मर्यादा लागू आहे, हे हेन्री राइसनं 1953 मध्ये दाखवलं. त्यामुळे सगळे प्रोग्रॅम घेणारं, प्रत्येक वेळी उत्तर देणारं आणि कधीच न चुकणारं टूल कुणालाही बनवता येणार नाही. कुठेतरी तडजोड करावी लागते. टूल बनवणारा ती कुठे करतो, यावर त्या टूलचा स्वभाव ठरतो.

दोन टोकं पाहा. 'सीपीपीचेक' हे मुक्त टूल खोटे इशारे होईल तेवढे कमी देण्याचं धोरण ठेवतं. शंका असली तरी पुरेशी खात्री नसेल तर गप्प बसतं. फ्रान्समध्ये पॅट्रिक कुझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेलं 'ॲस्ट्रे' उलट्या बाजूला उभं आहे. ज्या जातीचे दोष ते शोधतं, त्यांतला एकही सुटणार नाही, याची गणिती हमी ते देतं आणि त्यापायी खोटा इशारा पत्करतं. एअरबसच्या विमानांचं उड्डाण नियंत्रित करणारा कोड त्यानं तपासला. दोन्ही टूल आपापल्या जागी योग्य आहेत. महाविद्यालयाच्या वेबसाइटचा कोड तपासताना हजार खोट्या वॉर्निंग आल्या तर विद्यार्थी टूल बंद करून टाकेल. विमानाच्या किंवा वीज केंद्राच्या नियंत्रणाचा कोड असेल, तर हजारातली एक खरी वॉर्निंग निसटणं परवडत नाही. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे. असल्या संयंत्रांत आज कोड कुठे कुठे बसलेला असतो, याची कल्पना आपल्या विद्यार्थ्यांना इतर कुणाहीपेक्षा लवकर यायला हवी.

खोट्या इशाऱ्यांचं दुखणं किती खोल जातं, हे 'कव्हेरिटी' या कंपनीच्या संस्थापकांनी 2010 मध्ये लिहिलेल्या लेखात फार चांगलं आलंय. खोट्या वॉर्निंगचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांच्या वर गेलं की लोक टूलकडे दुर्लक्ष करायला लागतात, आणि मग खऱ्या वॉर्निंगही त्या गदारोळात हरवतात, असा त्यांचा अनुभव होता. पहिल्या काही वॉर्निंग खोट्या निघाल्या की प्रोग्रॅमर पुढच्या वाचतच नाही.

आणि निसटण्याचं उदाहरण हवं तर 'हार्टब्लीड'. ओपनएसएसएल ही जगभरच्या सर्व्हरांवरची लायब्ररी. समोरच्यानं सांगितलेली लांबी खरी आहे की नाही हे तिच्यात एका जागी तपासलंच नव्हतं. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला 64 किलोबाइटपर्यंतचा मजकूर कुणालाही एका फटक्यात मागून घेता येत होता. मार्च 2012 च्या आवृत्तीतून हा दोष बाहेर पडला आणि एप्रिल 2014 मध्ये जाहीर झाला. कोड सगळ्यांपुढे उघडा होता. नावाजलेली टूल बाजारात होती. दोन वर्षं तो कुणाच्या हाती लागला नाही. नंतर टूल बनवणाऱ्यांनी आपापली टूल या दोषावर चालवून पाहिली आणि त्यांत सुधारणा केल्या. म्हणजे उत्तर ठाऊक झाल्यावर परीक्षा घेता आली. हा दोष आता बेंचमार्काचा एक प्रश्न झालाय.

असे प्रश्न जमवण्याचं काम अनेकांनी केलं. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या संग्रहातला 'जुलिएट' संच सर्वांत मोठ्यांपैकी एक. सी आणि सी प्लस प्लसच्या त्याच्या 1.3 आवृत्तीत 64,099 छोटे प्रोग्रॅम आहेत. त्यांची रचना मला शिक्षक म्हणून फार आवडते. प्रत्येक प्रश्नात एक सदोष तुकडा असतो आणि त्याच्याच शेजारी तोच तुकडा दुरुस्त करून ठेवलेला असतो. दहा घरांचा ॲरे आहे. लूप शून्यापासून सुरू होतो आणि 'दहापेक्षा लहान किंवा दहाएवढा' असेपर्यंत फिरतो, म्हणजे अकराव्या घरात लिहितो. शेजारच्या तुकड्यात फक्त 'एवढा' काढून टाकलंय. टूलनं पहिल्यावर बोट ठेवलं पाहिजे आणि दुसऱ्यावर गप्प राहिलं पाहिजे. ॲरे दिसला की ओरडणारं टूल पहिल्यावर पास होतं, दुसऱ्यावर नापास. नुसते सदोष नमुने देऊन परीक्षा घेतली असती तर ते शंभर टक्के घेऊन गेलं असतं. जावातल्या वेब ॲप्लिकेशनसाठी 'ओवॅस्प बेंचमार्क' आहे. त्याच्या 1.2 आवृत्तीत 2,740 प्रश्न आहेत, सदोष आणि निर्दोष दोन्ही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र 'एसव्ही-कॉम्प' या स्पर्धेचा साठा. ती 2012 पासून दरवर्षी होते. डिर्क बायर या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं ती सुरू केली. म्युनिकच्या विद्यापीठातला त्यांचा गट ती चालवतो. स्पर्धेतले प्रश्न म्हणजे हजारो प्रोग्रॅम, बहुतेक सी भाषेतले, काही जावातले. लिनक्सच्या ड्रायव्हरांतून घेतलेले तुकडेही त्यांत आहेत. हा सगळा साठा एका सार्वजनिक रिपॉझिटरीत आहे, आधी गिटहबवर होता, आता गिटलॅबवर. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर एक छोटी मजकुराची फाईल असते. प्रोग्रॅमचं नाव, कोणता गुणधर्म तपासायचा, आणि अपेक्षित उत्तर खरं की खोटं. पूर्वी हे उत्तर प्रोग्रॅमच्या फाईलच्या नावातच लिहिलेलं असायचं. पुढे ते बाजूच्या फाईलमध्ये गेलं.

गुण देण्याची पद्धत नीट पाहा, तिच्यात सगळं तत्त्व आलंय. प्रोग्रॅम निर्दोष आहे हे बरोबर सिद्ध केलं तर 2 गुण. दोष बरोबर शोधला तर 1. 'सांगता येत नाही' म्हटलं तर 0. नसलेला दोष दाखवला तर वजा 16. आणि सदोष प्रोग्रॅमला निर्दोष म्हटलं तर वजा 32. एक चुकीचं अभय 16 बरोबर सिद्धता पुसून टाकतं. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला शिक्षा नाही. आपल्या परीक्षापद्धतीत नेमकं याच्या उलट घडतं, काहीतरी लिहिलंच पाहिजे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे गुणपत्रक समजावून सांगताना तास कमी पडतो, आणि तो तास सार्थकी लागतो असं मला वाटतं.

टूलनं उत्तर देऊन भागत नाही, पुरावाही द्यावा लागतो. दोष आहे म्हणत असाल तर कोणत्या वाटेनं प्रोग्रॅम त्या दोषापर्यंत पोचतो ते लिहा. दुसरं टूल ती वाट चालून पाहतं. वेळ आणि मेमरी यांवर मर्यादा असते, प्रत्येक प्रोग्रॅमला 15 मिनिटं प्रोसेसरचा वेळ आणि 15 जीबी मेमरी असं बंधन वर्षानुवर्षं राहिलंय. ते काटेकोर मोजण्यासाठी 'बेंचएक्झेक' नावाचं वेगळं मुक्त सॉफ्टवेअर याच गटानं बांधलं, कारण मशीनवर दुसरं काही चालू असलं किंवा टूलनं पोटात आणखी चार प्रक्रिया सुरू केल्या की साध्या घड्याळानं घेतलेली मापं फसतात.

या स्पर्धेत पुण्याचं नाव मोठ्या मानानं घेतलं जातं. फकीरचंद कोहली यांच्या काळात, 1981 मध्ये, टीसीएसनं पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू केलं. कम्पायलर आणि प्रोग्रॅमचं विश्लेषण यांवर तिथे दशकानुदशकं काम झालं. हे काम चमकदार दिसत नाही, पण त्याचं फळ उशिरा आणि भक्कम मिळतं. तिथल्या गटानं बांधलेलं 'व्हेरीॲब्स' हे टूल एसव्ही-कॉम्पमध्ये उतरलं, आणि 2019, 2020 आणि 2021 या तिन्ही वर्षी 'रीचसेफ्टी' या गटात पहिलं आलं. प्रोग्रॅम एका विशिष्ट चुकीच्या जागेपर्यंत कधी पोचू शकतो का, असा या गटातला प्रश्न असतो. म्युनिक, फ्रायबुर्ग इथल्या विद्यापीठांची वर्षानुवर्षं घोटलेली टूल समोर होती.

व्हेरीॲब्सची युक्ती लूपांभोवती आहे. ॲरेत एक लाख घरं असतील आणि लूप त्या प्रत्येक घरातून जात असेल, तर एकेक फेरी उलगडून तपासणारं टूल दमून जातं. व्हेरीॲब्स आधी लूपची ठेवण पाहतं. मग त्या ठेवणीला साजेसा डाव निवडतं. मूळ लूपच्या जागी असा आटोपशीर लूप बसवतं, की मूळ लूपमध्ये जे जे घडू शकतं ते सगळं त्याच्या पोटात यावं. आटोपशीर लूपमध्ये दोष नसेल तर मूळ लूपमध्येही नाही. तिथे दोष दिसला तर मात्र तो खरा की आटोपशीरपणामुळे आलेला, हे पुन्हा तपासावं लागतं. एक डाव फसला तर पुढचा. पुण्याच्या याच गटाचं 'व्हेरीफझ' हे दुसरं टूल, दोष उघडा पाडणारी इनपुट शोधणारं, तेही अशा स्पर्धांत उतरलं.

टूल कंपनीच्या मालकीचं, प्रश्न मात्र सगळ्यांचे, ही गोष्ट मी अधोरेखित करून सांगेन. पुण्याच्या कंपनीनं स्वतःच्या माहितीपत्रकात 'आमचं टूल सर्वोत्तम' असं छापलं असतं तर ते जाहिरात ठरलं असतं. उघड्या साठ्यावर, उघड्या गुणपत्रकावर, सगळ्यांच्या देखत ते पहिलं आलं, म्हणून त्याला अर्थ आला. तोच साठा चामोर्शीच्या मुलीलाही त्याच क्षणी उपलब्ध आहे, आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आता बिल्डकडे, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करण्याकडे, वळतो. पुस्तिकेचा निम्मा भाग त्यावर आहे आणि तो जाणूनबुजून मोठा ठेवलाय.

विद्यार्थी सहसा तयार प्रोग्रॅम डाउनलोड करतात, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करून टाकतात. कोडपासून स्वतः बिल्ड करायचं म्हटलं की चेहरे उतरतात. त्यात त्यांचा दोष नाही. रिपॉझिटरी क्लोन केली, 'मेक' चालवलं, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांचा पूर आला. हेडर सापडत नाही. कम्पायलर जुना आहे. लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. कव्हेरिटीच्या त्याच लेखात एक साधं सत्य सांगितलंय, जो कोड टूलला दिसलाच नाही तो त्याला तपासता येत नाही. बिल्ड कसा होतो हे कळल्याशिवाय कोणत्या फाईली खऱ्या अर्थानं प्रोग्रॅममध्ये जातात, कोणते पर्याय चालू असतात, कोणता तुकडा या मशीनवर वगळला जातो, हे टूलला कळत नाही. अर्धा कोड वाचून 'दोष नाही' म्हणणारं टूल वजा 32 चंच धनी आहे.

सामायिक रिपॉझिटरीतून स्वतः बिल्ड करण्याचं आणखी मोठं कारण 2024 च्या मार्चअखेरीस जगानं पाहिलं. 'एक्सझेड' ही फाईली आटवणारी साधी लायब्ररी, लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असलेली. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड आपल्या मशीनवर काही मापं घेत होते. एसएसएचनं लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही. माग काढत गेल्यावर कळलं, की 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. तो कसा बसवला होता ते पाहण्यासारखं आहे. घातक भाग चाचणीच्या फाईली म्हणून रिपॉझिटरीत निरुपद्रवी दिसत पडून होता. बिल्डच्या वेळी त्याला जागं करणारी स्क्रिप्ट मात्र रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. रिपॉझिटरीतला कोड कितीही बारकाईनं वाचणाऱ्याला ती दिसली नसती. जो कोड सगळे पाहतात आणि ज्याच्यापासून प्रत्यक्षात प्रोग्रॅम तयार होतो, या दोहोंत फट पडली आणि तिथून चोर शिरला.

ही फट बुजवायची चळवळ त्याआधीपासून चालू आहे. डेबियनची मंडळी 2013 पासून 'रिप्रोड्युसिबल बिल्ड्स'वर काम करताहेत. एकाच कोडपासून दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या मशीनवर बिल्ड केला तर तयार होणारी फाईल बाइट-न्-बाइट सारखी यायला हवी. म्हणायला सोपं. पण बिल्डची वेळ फाईलमध्ये शिरते, फोल्डरचं नाव शिरतं, फाईली वाचण्याचा क्रम बदलतो. एकेक कारण शोधून काढावं लागलं. असा बिल्ड जमला की कंपनीवर, सर्व्हरवर, कुणावरही आंधळा भरवसा ठेवायची गरज उरत नाही. बल्लारपूरच्या मशीनवरची फाईल आणि बर्लिनच्या मशीनवरची फाईल जुळली का, एवढंच पाहायचं.

जुळणी कशी पाहायची, याची सोय गिटमध्ये आहे. लिनस टोरवाल्ड्सनं 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. त्यात क्लोन करणाऱ्याकडे सगळा इतिहास येतो, प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरातूनच निघालेला एक हॅश असतो. एक अक्षर बदललं तर हॅश बदलतो. आपल्याकडे याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. एसव्ही-कॉम्पचा साठा काही जीबींचा आहे. भामरागडात किंवा सिरोंच्यात मोबाइलच्या नेटवर तो उतरवायला बसणं व्यवहार्य नाही. चंद्रपुरात एकानं उतरवावा, पेन ड्राइव्हवर घालून एसटीनं पुढे पाठवावा. पोचल्यावर हॅश ताडून पाहिला की तोच साठा आहे, मध्ये कुठे हात लागलेला नाही, याची खात्री घरबसल्या होते. इंटरनेट कमी असणं ही अडचण खरी आहे. तरी ती या विषयातली सर्वांत मोठी अडचण नाही, हे माझं ठाम मत झालंय. मोठी अडचण आहे ती 'हे आपलं काम नाही' असं वाटण्याची.

सामायिक साठा म्हणजे काय, तो कसा राखतात, याबद्दल आपल्या भागाला बाहेरून शिकायची गरज कमी आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेल्या या कामाचा कणा होता अभ्यासगट आणि सर्वसहमती. आधी माहिती काढायची, एकत्र बसून समजून घ्यायची, मग ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीनं ठरवायचं. जंगल सगळ्यांचं आहे म्हणून कुणीही काहीही तोडावं असं तिथे चालत नाही, नियम आहेत आणि ते त्याच लोकांनी केलेत. बेंचमार्काच्या रिपॉझिटरीतही अपेक्षित उत्तर चुकलंय असं वाटलं तर कुणालाही बदल सुचवता येतो. त्यानं पुरावा मांडायचा, इतरांनी तो तपासायचा, चर्चा सर्वांना वाचता येईल अशी ठेवायची, मग बदल आत घ्यायचा. साठ्यातली उत्तरं अशी दुरुस्त झालीही आहेत. प्रश्नपत्रिका काढणाराही चुकू शकतो आणि ते उघडपणे सुधारता येतं, याचं मला मोठं मोल वाटतं.

बेंचमार्काच्या उणिवाही सांगायला हव्यात. प्रश्न उघडे असले की टूल त्या प्रश्नांपुरतं घोटून तयार करता येतं. साठ्यातले पुष्कळ प्रोग्रॅम छोटे आणि मुद्दाम रचलेले आहेत. खरा कोड अस्ताव्यस्त असतो, त्यात वीस वर्षांचे थर असतात. जुलिएटवर चमकलेलं टूल खऱ्या प्रकल्पावर ढेपाळू शकतं. म्हणून पुस्तिकेत दोन्ही तऱ्हेचे प्रश्न घेतलेत. रचलेल्या प्रश्नांवर उत्तर पक्कं ठाऊक असतं, खऱ्या कोडवर ते जाहीर झालेल्या जुन्या दोषांपुरतंच ठाऊक असतं. दोन्ही लागतात. गुणांची एकच बेरीज करून टूलांची क्रमवारी लावायची घाई इथे केलेली नाही, आणि वाचणाऱ्यानंही करू नये. कोणत्या जातीचा दोष कोणतं टूल पकडतं, हे जातीनिहाय लिहावं.

आमच्याकडच्या लॅबमधल्या मशीनवर 15 जीबी मेमरी नसते, बहुतेक ठिकाणी 8 असते किंवा 4. मग स्पर्धेच्या मर्यादा पाळता येणार नाहीत. हरकत नाही. 60 सेकंद आणि 2 जीबी एवढीच मर्यादा ठेवा, पण ती आधी ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्या टूलांना तीच लावा. अर्ध्यावर वीज गेली तर त्या फेरीचे आकडे काढून टाका आणि काढल्याचं लिहा. मशीन कोणतं, कम्पायलर कोणता, टूलच्या रिपॉझिटरीतली कोणती नोंद घेऊन बिल्ड केला, त्या नोंदीचा हॅश काय, हे पहिल्या पानावर आलं पाहिजे. एवढं लिहिलेलं असेल तर गोंडवाना विद्यापीठाच्या एका महाविद्यालयातलं मोजमाप दुसऱ्या महाविद्यालयात पुन्हा करून पाहता येईल. पुन्हा करून पाहता येत नाही असं मोजमाप, आकडे कितीही सुबक असले तरी, मी वर्गात स्वीकारत नाही.

2001 सालचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल माझ्या मनात इथे येतो. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची सरकारी नोंद प्रत्यक्षाहून कितीतरी कमी आहे, हे त्यानं दाखवलं, आणि दाखवता आलं ते गावोगाव स्वतंत्र मोजणी केल्यामुळे. सरकारी नोंदवही हेही एक टूल होतं. तिच्या हातून किती निसटतं, हे वेगळी, काळजीपूर्वक केलेली मोजणी शेजारी ठेवल्यावरच कळलं. आपल्या जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी पायी फिरून जे कष्टानं केलं, त्याची शिस्त कोडच्या कामात आणायला आपल्याला फक्त खुर्चीत बसून चिकाटी लागते.

प्रकरणांच्या क्रमाबद्दल थोडं. पहिली तीन प्रकरणं गिट आणि बिल्ड यांवर आहेत. ज्यांना लिनक्सची सवय आहे त्यांनी ती भराभर उलटली तरी चालेल. चौथ्यापासून टूल येतात. गणिताचा भाग शेवटी आहे, तो टाळू नका, ट्युरिंगची सिद्धता बारावीच्या गणितावर समजते. जावा आणि पायथनकडे फार लक्ष दिलेलं नाही, सीवर भर आहे, कारण मेमरीचे दोष सीमध्ये उघडेवाघडे दिसतात आणि शिकताना ते दिसायला हवेत.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करून ठेवा. सीपीपीचेकची रिपॉझिटरी क्लोन करा आणि ती स्वतःच्या मशीनवर बिल्ड करा. लाल अक्षरं आली तर ती वाचा, पहिल्या ओळीपासून, कारण शेवटच्या पन्नास ओळी बहुधा पहिल्या एकाच चुकीचा परिणाम असतात. बिल्ड झाला की मघाचा दहा घरांचा ॲरे आणि अकराव्या घरात लिहिणारा लूप स्वतः टाइप करा. शेजारी दुरुस्त जोडी ठेवा. दोन्ही फाईलींवर टूल चालवा. मग लूपची मर्यादा थेट दहा न लिहिता दुसऱ्या फंक्शनकडून आणा, ते फंक्शन वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि पुन्हा चालवा. टूल कुठे बोलतं आणि कुठे गप्प राहतं, ते चार रकान्यांच्या तक्त्यात भरा. चौथ्या रकान्यात, म्हणजे दोष आहे पण टूल गप्प, काही पडलं तर तो तक्ता जपून ठेवा. चौथ्या प्रकरणाची सुरुवात त्याच्यापासूनच होते.